सोडियम कमी आलं म्हणून मीठ वाढवायचं का?

पत्र : नमस्कार. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, वजन ५५ किलो. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी घेतात. दोन महिने झाले, अशक्तपणा आहे, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, जेवण जात नाही. चहा-बिस्किटांवरच दिवस काढतात. रक्त तपासलं तेव्हा सोडियम १३१, पोटॅशियम ५.४ आणि क्रिएटिनिन १.४ आलं. सोडियम कमी म्हणून नणंदेनं इलेक्ट्रोलाइट पावडरची पाकिटं आणून दिली, रोज तीन चालू आहेत. किडनी साफ राहावी म्हणून साडेतीन लिटर पाणीही प्यायला लावतो. मीठ आधीपासूनच कमी सोडियमवालं आहे. मुलगा २४ वर्षांचा, ७० किलोचा, रोज तासभर जिमला जातो. तो बीसीएएची पावडर आणि इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या घेतो. आता म्हणतो, आजीलाही अमिनो आम्लं सुरू करू, ताकद येईल. मला झोप लागत नाही, त्यासाठी ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूल घ्याव्यात का? या सगळ्याची खरंच गरज असते का? कुणाला, किती? — एक वाचक

उत्तर :

ताई,

आधी सासूबाईंचं बोलू. तुमचं आणि मुलाचं आठवडाभर थांबलं तरी काही बिघडत नाही, त्यांचं थांबणार नाही. इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांची, पाकिटं आजच बंद करा. कमी सोडियमचं मीठ बाजूला ठेवून त्यांच्यासाठी साधं मीठ वापरा, तेही नेहमीच्या मापानेच. साडेतीन लिटरचा नेम सोडा, तहान लागेल तेवढंच पाणी द्या. रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण रिपोर्ट घेऊन आज, फार तर उद्या, डॉक्टरांना गाठा. त्या असंबद्ध बोलायला लागल्या, गुंगीत राहिल्या, उलट्या थांबेनात, फिट आली, छातीत धडधडून चक्कर आली किंवा पायांतली शक्ती गेली, तर मात्र उद्याची वाट पाहू नका. सरळ इस्पितळात न्या.

घाबरून जाऊ नका. १३१ सोडियम आणि ५.४ पोटॅशियम हे दोन्ही आकडे आज तरी सौम्य गटात बसतात. मला काळजी वाटते ती ते कुठल्या दिशेने सरकतायत याची. घरातले सगळे मायेने जे करतायत, त्यातलं बरंचसं त्या आकड्यांना त्याच दिशेला ढकलतंय. का, ते नीट समजून घ्या. एकदा समजलं की पुढच्या वेळी कुणी नवं पाकीट आणून दिलं तर तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असावं लागतं. शरीरात एकूण मीठ किती आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. दर लिटर द्रवामागे ते किती आहे, एवढंच कळतं. त्यामुळे आकडा खाली येण्याच्या दोन वाटा आहेत. मीठ बाहेर गेलं तर तो उतरतो आणि पाणी साठलं तरीही उतरतो. जुलाब-उलट्यांत बहुधा पहिली वाट असते. सासूबाईंना जुलाब झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांचं वय, त्यांची गोळी आणि साडेतीन लिटर पाणी पाहता मला दुसऱ्या वाटेचा दाट संशय येतो.

त्यांच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन हे थायझाइडच्या कुळातलं, लघवी वाढवणारं औषध आहे. रक्तदाबासाठी ते चांगलं औषध आहे, त्याला उगाच दोष देऊ नका. पण किडनीत लघवी जिथे पातळ केली जाते, नेमक्या त्या जागी ते काम करतं. लघवी पुरेशी पातळ करता आली नाही, तर जास्तीचं प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगात राहतं, आणि रक्तातलं सोडियम विरळ होतं. वय झालेल्या, किरकोळ अंगाच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं.

इथेच अमिनो आम्लांचा संबंध येतो. फार कमी लोकांना तो माहीत असतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. किडनीने कितीही जोर लावला तरी लघवी म्हणजे नुसतं पाणी होऊ शकत नाही, त्यात काहीतरी विरघळलेलं असावंच लागतं. तरुण, धडधाकट किडनी एक लिटर लघवी ५० मिलिऑस्मोल (हे विरघळलेल्या कणांचं माप) एवढ्या विरघळलेल्या पदार्थांत भागवते. वय झालेल्या किडनीला त्याच लिटरसाठी दुप्पट लागू शकतात. हे पदार्थ जेवणातून येतात. काही भाग सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांचा असतो आणि मोठा भाग युरियाचा. युरिया प्रथिनांतून तयार होतो. आपण खाल्लेली प्रथिनं आतड्यात सुटी होऊन अमिनो आम्लं बनतात. वापरून उरलेल्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन यकृत युरियाच्या रूपात बांधतं आणि किडनी तो बाहेर टाकते. पोटभर जेवणाऱ्या माणसाच्या लघवीतून असे ६०० ते ९०० मिलिऑस्मोल रोज जातात. चहा-बिस्किटांवर राहणाऱ्या माणसात ते २००-३०० वर येऊ शकतात. लिटरला १०० धरले तर अशा माणसाला दिवसाला दोन-तीन लिटरांपलीकडे पाणी बाहेर टाकताच येत नाही. थायझाइड चालू असेल तर तेवढंही नाही. तुम्ही पाजताय साडेतीन लिटर, शिवाय चहा, शिवाय पाकिटं कालवलेलं पाणी.

म्हणजे त्यांच्या रक्तातलं सोडियम उतरण्यामागे ताटातली प्रथिनं कमी होणं हेही एक कारण असू शकतं. सोडियम वर आणण्यासाठी काही रुग्णांना तोंडाने युरिया देण्याचा उपचारसुद्धा आहे, इतका हा संबंध पक्का आहे. अर्थात तो डॉक्टरांच्या हातातला उपचार. घरच्या घरी करायचा नाही.

मीठ खाऊ घालून आकडा वर आणण्याचा प्रयत्नही करू नका. सोडियम बराच काळ उतरलेलं असेल तर मेंदूतल्या पेशींनी त्या पातळीशी जुळवून घेतलेलं असतं. अशा वेळी ते झपाट्याने वर गेलं, तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच सोडियम फार खाली गेलेल्या रुग्णाला इस्पितळात सलाइन लावतानाही चोवीस तासांत ८ ते १० मिलिमोलच्या वर चढू देत नाहीत. १३१ ला एवढी भीती नाही. पण सोडियम थोडंसं उतरलेलं असलं तरी वयस्कर माणसाचा चालताना तोल जाऊ शकतो. रात्री त्या उठतात तेव्हा दिवा लागलेला असू द्या.

आता पोटॅशियम. शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात अगदी थोडं. सोडियमचं उलट, ते मुख्यतः पेशींच्या बाहेर. हा फरक आपोआप टिकत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणावर असंख्य पंप असतात. एका फेरीत ते तीन सोडियम बाहेर फेकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. आपण नुसते पडून असलो तरी शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या पंपांवर खर्च होतो. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी खेकड्याच्या पायांतल्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप ओळखला आणि १९५७ साली ते प्रसिद्ध केलं. त्याबद्दल १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. आत-बाहेरच्या या फरकावरच मज्जातंतूंतला संदेश, स्नायूंचं आकुंचन आणि हृदयाचा ठोका चालतो. म्हणून रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ च्या अरुंद पट्ट्यात राहावं लागतं. ते वर गेलं की पहिली भीती हृदयाच्या लयीची असते, आणि कित्येकदा आधी काहीच लक्षण दिसत नाही.

सासूबाईंकडे पोटॅशियम वर नेणाऱ्या चार गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात राखून ठेवतं. किडनीचं काम मंदावलेलं दिसतंय. क्रिएटिनिन हा किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ. ६८ वर्षांच्या स्त्रीला तो १.४ म्हणजे सध्याच्या सूत्राने किडनीचा रक्त गाळण्याचा दर मिनिटाला साधारण ४१ मिलिलिटर येतो, जो ९० च्या आसपास किंवा वर असला तर उत्तम समजतात. तिसरी गोष्ट पाकिटं. चौथी ते मीठ. त्या मिठाची पिशवी उलटून घटक वाचा. 'पोटॅशियम क्लोराइड' लिहिलेलं सापडेल. समजा चौथा हिस्सा ते असेल, तर ५ ग्रॅम मिठातून साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम पोटात जातं. पाकिटाच्या मागेही पोटॅशियमचा आकडा असेल. त्याला तिनाने गुणा आणि दोन्हींची बेरीज कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. 'पाकिटं देतोय' एवढं ऐकण्यापेक्षा ती बेरीज त्यांच्या जास्त कामाची आहे.

हे मीठ वाईट असतं असं मात्र समजू नका. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर केलेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. ते लोक बहुतेक आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा वयस्कर, रक्तदाबवाले होते. पण किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. किडनी चांगली असलेल्या माणसाचा रक्तदाब उतरवणारं हे मीठ सासूबाईंच्या बाबतीत त्रासाचं ठरू शकतं.

एक शक्यता अशीही आहे की ५.४ हा आकडा थोडा फसवा असेल. रक्त काढताना मूठ घट्ट आवळून वारंवार उघड-मीट केली, नळीत लाल पेशी फुटल्या किंवा नमुना बराच वेळ पडून राहिला, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढलेला दिसतो. पुन्हा तपासणी होईल तेव्हा त्यांना हात सैल सोडायला सांगा. तोवर आकडा खरा आहे असं धरूनच वागायचं.

पोटऱ्यांतल्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. वयस्कर माणसांना रात्री येणाऱ्या गोळ्यांचं कारण दरवेळी क्षारांची कमतरता नसते. मॅग्नेशियमच्या गोळ्या यासाठी सर्रास घेतल्या जातात, पण अभ्यासांत वयस्करांना त्यांचा विशेष उपयोग दिसलेला नाही. किडनी मंद असेल तर मॅग्नेशियम अंगात साठूही शकतं. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा हळूच स्वतःकडे ओढायचा, आणि झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणायचा सोपा व्यायाम करायचा. थायझाइडनेही गोळे येऊ शकतात, तेव्हा औषध बदललं तर हा त्रासही कमी होईल कदाचित.

नातवाला आजीची काळजी वाटते, हे वाचून बरं वाटलं. पण बीसीएएचा डबा त्यांच्यासाठी उघडू नका. त्याचं कारण सांगायला जरा मागे जावं लागेल.

आपल्या शरीरातली प्रथिनं २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांतली अकरा शरीर स्वतः तयार करू शकतं. उरलेली नऊ खाण्यातूनच मिळवावी लागतात : ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, लायसीन, मेथिओनीन, फिनिलॲलनीन, थ्रिओनीन, ट्रिप्टोफॅन आणि हिस्टिडीन. कुठलं अमिनो आम्ल कुठल्या जागी बसतं याला किती महत्त्व असावं? हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्लं एकापुढे एक असतात. त्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलं, एवढ्या एका बदलाने लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि सिकलसेलचा आजार होतो.

स्नायू बांधणं हे त्यांचं फक्त एक काम आहे. टायरोसीनपासून ॲड्रेनलिन आणि थायरॉइडची संप्रेरकं बनतात. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि मेलाटोनिन. हिस्टिडीनपासून हिस्टामिन. रक्तवाहिन्या सैलावणारा नायट्रिक ऑक्साइड आर्जिनीनमधून येतो. जखम भरणं, जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, अन्न पचवणारी विकरं, सगळीकडे हीच मंडळी. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनं मोडली जातात आणि जवळपास तेवढीच नव्याने बांधली जातात. मोडलेल्यातली बहुतेक अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात, काही जळून जातात. तेवढी भर रोज घालावी लागते, कारण चरबीसारखं अमिनो आम्लांचं कोठार शरीरात नाही. खाणं तुटलं की शरीर स्नायू मोडून त्यातून अमिनो आम्लं काढतं. सासूबाईंचा अशक्तपणा बराचसा इथून आलेला असण्याची शक्यता आहे.

मग अमिनो आम्लांची पावडरच का नको? बीसीएए म्हणजे नवांपैकी फक्त तीन : ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन. ल्युसीन स्नायूंच्या पेशीला प्रथिनं बांधायला घे असा इशारा देतं, हे खरं आहे. पण बांधायला सगळीच लागतात. शिंप्याकडे कापडाचे तागे आणून टाकले आणि दोरा-बटणं दिलीच नाहीत, तर सदरे जास्त शिवून होत नाहीत. उरलेली सहा ताटातून आली नाहीत तर शरीर ती स्वतःच्या स्नायूंतून ओढतं. आणि ताटातून पुरेशी प्रथिनं येत असतील, तर ही तीन त्यात आलेलीच असतात. दूध किंवा अंड्याच्या प्रथिनांत त्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा असतो.

सासूबाईंना गरज आहे ती जेवणातल्या पूर्ण प्रथिनांची, आणि तीही मोजून. निरोगी प्रौढ माणसासाठी जागतिक आरोग्य संघटनेने धरलेलं सुरक्षित माप वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम आहे. उतारवयात स्नायू टिकवण्यासाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. किडनी मंद असेल तर मात्र ०.८ च्या आसपास राहायला सांगतात. माणूस अगदी खंगलेला असेल तर तिथेही सवलत दिली जाते. ५५ किलोला ०.८ म्हणजे दिवसाला ४४ ग्रॅम. चहा-बिस्किटांवर त्याच्या निम्मेसुद्धा भरत नसणार. तेव्हा प्रथिनं कमी करायचा प्रश्न नाही, आधी त्या मापापर्यंत तरी पोहोचायचं आहे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत ७ ग्रॅम प्रथिनं असतात. धान्यांत लायसीन कमी असतं, डाळी-कडधान्यांत मेथिओनीन कमी असतं. दोन्ही आहारात असली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. एकाच घासात दोन्ही हवीत असंही नाही, दिवसभरात आली तरी चालतं. एका बैठकीत त्यांना जेवण जात नसेल तर थोडं थोडं पाच वेळा द्या, आणि जेवणाआधी पेलाभर पाणी पिऊन पोट भरू देऊ नका. दूध-डाळींत पोटॅशियमही असतं, म्हणून किती आणि कोणती हे नवा रिपोर्ट आल्यावर आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

क्रिएटिनिनबद्दल एक सांगायचं राहिलं. एका रिपोर्टवरून किडनीचा जुनाट आजार असं ठरत नाही, त्यासाठी किमान तीन महिने आकडा तसाच राहावा लागतो. जुना एखादा रिपोर्ट घरात असेल तर शोधून काढा. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, तेही तपासून घ्या. आणि जास्त पाणी पाजून किडनी 'साफ' होत नाही. मंद झालेल्या किडनीला ते जास्तीचं पाणी बाहेर टाकणं उलट जड जातं.

आता चिरंजीव. ७० किलोचा तरुण नियमित वजनं उचलत असेल तर दर किलोला सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं त्याला पुरतात. त्यापुढे कितीही वाढवलं तरी स्नायूंत फारशी भर पडताना दिसत नाही. एवढी जेवणातून भागत असतील तर बीसीएएचा डबा संपल्यावर नवा आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जेवणातून भागतच नसतील, तर दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची म्हणजे व्हेची पावडर घेणं त्यापेक्षा शहाणपणाचं, कारण तिच्यात नऊच्या नऊ असतात.

इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्यांचंही तेच. एक लिटर घामातून साधारण १ ग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक हे कमी-जास्त होतं. एवढं सोडियम अडीच ग्रॅम मिठात असतं. तासाभराच्या व्यायामात गेलेलं पुढच्या जेवणात परत येतं. भर उन्हात तासन् तास राबणारा मजूर, लांब पल्ल्याचा धावपटू यांची गोष्ट निराळी, त्यांना पाण्याबरोबर मीठही लागतं. पण धावपटूंमध्येही एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीच्या शेवटी तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ च्या आत निघालं, आणि काहींचं तर १२० किंवा त्याहून खाली. ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं, म्हणजे जे घामापेक्षा जास्त प्याले होते, त्यांना हा धोका सर्वांत जास्त होता. आजीचा आणि मॅरेथॉनच्या धावपटूचा त्रास अशा रीतीने एकाच जागी येऊन मिळतो. मुलाला सांगा, तहानेनुसार पाणी पी आणि जेवण चुकवू नकोस. त्याच्या किडनीला एखाद-दुसरी गोळी सहज पेलते, नुकसान असलं तर खिशाचं.

पाकिटांची एक जागा मात्र खरोखर आहे आणि तिथे त्यांनी अगणित जीव वाचवलेत. जुलाबाच्या वेळची ओआरएस. आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागे पाणी जातं. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं द्रावण कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. तिथला सुमारे ३० टक्क्यांवर असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या आत आला. अमिनो आम्लांपैकी अनेकही आतड्यात अशीच सोडियमचा हात धरून आत जातात. म्हणून पुढे ग्लायसीन, ॲलनीन घातलेली ओआरएस करून पाहिली गेली, पण साध्या ओआरएसपेक्षा ती काही सरस ठरली नाही.

सध्याच्या प्रमाणित सूत्रात लिटरमागे सोडियम ७५, ग्लुकोज ७५ आणि पोटॅशियम २० मिलिमोल असतं. चवदार 'एनर्जी' आणि 'स्पोर्ट्स' पेयांत सोडियम याच्या बरंच खाली आणि साखर बरीच वर असते, तेव्हा जुलाबाला ती चालत नाहीत. पाकीट लिटरचं असेल तर पूर्ण पाकीट लिटरभर स्वच्छ पाण्यातच घालायचं, अर्ध्या पाण्यात कालवलं तर द्रावण तीव्र होऊन जुलाब वाढू शकतात. कालवल्यावर उकळायचं नाही, चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. उलटी होत असेल तर चमच्या-चमच्याने. सासूबाईंना उद्या खरंच जुलाब लागले तर त्यांनाही ओआरएस लागेल, पण त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जुलाब चालू असताना रक्तदाबाची गोळी थांबवायची का, हेही विचारून ठेवा.

राहिली तुमची झोप. ट्रिप्टोफॅनपासून मेलाटोनिन बनतं म्हणून कॅप्सूल घेतल्या की झोप लागेल, हा हिशोब वाटतो तितका सरळ नाही. मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर मोठ्या अमिनो आम्लांशी एकाच दारावर स्पर्धा करावी लागते. नैराश्याची औषधं चालू असतील तर त्यांच्या जोडीने ट्रिप्टोफॅन घेतल्याने सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या घेणाऱ्या दीड हजारांवर लोकांना स्नायूंच्या तीव्र वेदनांचा एक आजार झाला, त्यातले ३७ तरी दगावले. एकाच उत्पादकाच्या मालातल्या अशुद्धतेशी त्याचा धागा जुळला. 'नैसर्गिक अमिनो आम्ल' असं लिहिलेल्या बाटलीतही काय भरलंय याची खात्री असावी लागते, म्हणून हे सांगितलं. कॅप्सूल सध्या नकोत. सासूबाईंच्या आजारपणात तुम्ही किती वेळा रात्री उठता, दुपारनंतर चहा-कॉफी किती होते, झोपायची वेळ रोज तीच असते का, हे पुढच्या पत्रात लिहा. तीन महिन्यांहून जास्त काळ आठवड्यातले निम्मे दिवस झोप लागत नसेल तर गोळीशिवायचे चांगले उपचार आहेत, त्यावर तेव्हा बोलू.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्ट, गोळीचं पाकीट, पावडरचं पाकीट आणि मिठाची पिशवी, चारही बरोबर न्या. सासूबाई गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेत असतील तर त्याही न्या, किडनी आणि पोटॅशियम दोन्हींवर त्यांचा परिणाम होतो. विचारायच्या गोष्टी एवढ्या : ही गोळी बदलायची का? दिवसाला पाणी किती द्यायचं? ईसीजी काढायचा का? सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन पुन्हा कधी तपासायचं? माझ्या मते ते काही दिवसांतच व्हायला हवं, महिन्यावर ढकलू नका. नवे आकडे आणि डॉक्टरांनी गोळीत केलेला बदल मला कळवा, मग ते ४४ ग्रॅम दिवसभरात कसे बसवायचे ते आपण पाहू.